ज्यांचं खरं आहे, त्यांनी हात वर करा

आमच्या शाळेत पी.टी.चा तास म्हणजे ज्याला हवा त्याचा तास होता. वेळापत्रकात तो मंगळवारी आणि शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर असायचा. पण गणिताच्या बाईंचा धडा राहिलेला असायचा, नाहीतर इंग्रजीच्या बाईंना पेपर वाटायचे असायचे. पी.टी.चे सर गळ्यात शिट्टी अडकवून वर्गाच्या दारात यायचे आणि आतून बाई म्हणायच्या, "सर, आजचा तास मी घेते हं, भाग खूप राहिलाय." सर मान हलवायचे आणि तसेच माघारी जायचे. वर्षभरात त्यांना किती वेळा असं परत पाठवलं गेलं, ते कुणी मोजलं नाही.

मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. मी अंगानं जाड होते, पळायला लागले की मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि खो-खोत दोन गट पाडताना मी शेवटी उरायचे. ज्या गटाच्या वाट्याला मी यायचे तो गट तोंड वाकडं करायचा. त्यामुळे पी.टी.चा तास गणितात गेला की मी मनापासून गणित करायचे.

कधी चुकून तास झालाच, तर सर मैदानावर एक चेंडू आणि दोन रिंगा टाकायचे. ज्यांना खेळायचं त्या खेळायच्या. बाकीच्या आम्ही बदामाच्या झाडाखाली बसून गप्पा मारायचो. सर कुणाला उठ म्हणायचे नाहीत. प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणापुढे सगळ्यांना 'अ' मिळायचा, जी पळाली तिलाही आणि जी झाडाखाली बसली तिलाही.

सर सिन्नरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी खो-खो उत्तम खेळायचे असं ऐकलं होतं, पण आम्ही त्यांना पळताना कधी पाहिलं नाही. त्यांचा एक घोटा जायबंदी होता. शाळेत ते पुस्तकी बोलायचा प्रयत्न करायचे. चिडले किंवा गहिवरले की गावची भाषा वर यायची. त्यावरूनही आम्ही त्यांची नक्कल करायचो. मुलींच्या शाळेत पी.टी.च्या सरांना फारसं कुणी जमेस धरत नाही, आणि आम्ही तर दहावीत होतो, म्हणजे कुणालाच जमेस धरत नव्हतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी जूनमध्येच वर्गावर्गात सूचना फिरवली. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलीनं एका तरी खेळात भाग घेतलाच पाहिजे. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे गट पडतील. रोज सकाळी दहा वाजता सराव, पी.टी.चा तास पी.टी.लाच, आणि कुणालाही सवलत नाही. अपवाद फक्त आजारी मुलींचा, तोही डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तरच.

त्या दिवसापासून सर बदलले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा यायला लागला. मुलींच्या आधी तासभर येऊन ते स्वतः वाकून फक्कीनं खो-खोचं मैदान आखायचे, पांढऱ्या रेघा अगदी सरळ. पाऊस आला की रेघा वाहून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आखायला हजर. पहिल्या आठवड्यात गणिताच्या बाई नेहमीसारख्या "सर, आजचा तास—" म्हणाल्या, तर सर दारातच म्हणाले, "नाही बाई. आज मुली खाली येतील." आम्ही सगळ्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो.

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत मात्र या सूचनेनं घराघरात चिंता पसरली. ज्या घरात दहावीची मुलगी, त्या घरातलं केबल काढलेलं असायचं आणि पाहुण्यांना मार्चनंतर या असं सांगितलेलं असायचं. सकाळी सात ते नऊ गणिताचा क्लास, दहा ते अकरा शास्त्राचा, बारा वाजता शाळा. त्यात खो-खो कुठे बसवायचा? माझे वडील अंबडच्या कारखान्यात पाळीनं जायचे, त्यांना यात पडायला वेळ नव्हता. आईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि विचारलं, "काय लिहू?"

"काहीही लिहा," आई म्हणाली. "दहावीचं वर्ष आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं: श्वसनाचा त्रास. सहा महिने श्रमाचे खेळ टाळावेत. खाली शिक्का मारला. मला साधी सर्दीही नव्हती.

ती चिठ्ठी मी सरांना दिली तेव्हा मैदानावर रेघा आखायचं काम चाललं होतं. हातावरची फक्की पँटला पुसून त्यांनी चिठ्ठी घेतली, पूर्ण वाचली आणि नीट घडी घालून खिशात ठेवली. "फार त्रास होतो का गं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "गरम पाणी पीत जा. आणि इथं धुळीत उभी राहू नको, झाडाखाली बस." माझे कान तापले होते. पण झाडाखाली बसल्यावर पाच मिनिटांत ते गार झाले, हेही खरं आहे.

पुढे जे झालं त्यात माझा मोठेपणाचा सोस आहे. मुलींनी विचारलं, कसं जमवलंस, आणि मी सांगत सुटले. डॉक्टरांचा दवाखाना कुठे, संध्याकाळी किती वाजता गर्दी नसते, आईला बरोबर न्यायचं, फार बोलायचं नाही. ज्या मुली मला खो-खोत घेत नव्हत्या त्या माझ्या बाकाभोवती गोळा व्हायला लागल्या. इतकी किंमत मला त्या शाळेत कधीच आली नव्हती. दिवाळीपर्यंत झाडाखाली आम्ही चिठ्ठीवाल्या तेराजणी झालो होतो.

माझ्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी नववीत आमच्या शाळेत आली होती. तिचे वडील रेल्वेत. त्यांनी इगतपुरीहून नाशिक रोडला बदली मागून घेतली होती ती तिच्यासाठीच, कारण इगतपुरीत चार महिने भिंतींना ओल असायची आणि तिला दमा होता. खरा दमा. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, कंपासपेटीशेजारी, तिचा निळा पंप असायचा. जिना चढून आली की ती बाकाची कड धरून दोन मिनिटं उभी राहायची आणि मग बसायची. मी तिचं दप्तर आधीच वर आणून ठेवायचे. आमची मैत्री अशी रोजच्या कामातली होती.

जुन्या पद्धतीत तिला काहीच अडचण नव्हती, झाडाखाली बसायला कुणी कागद मागत नव्हतं. आता कागद हवा होता. पावसाळ्यात तिनं तोंडी सांगून वेळ मारून नेली, पण दिवाळीनंतर सर म्हणाले की मोठ्या बाई यादी मागतात, कागद आण. रेल्वेच्या दवाखान्यातून कागद आणायचा तर वडिलांना रजा टाकून रांगेत उभं राहावं लागणार होतं.

"कशाला एवढं?" मी म्हटलं. "आमच्या डॉक्टरांकडे जा. लगेच देतात."

ती आईबरोबर गेली आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आली. पण तिला चैन नव्हतं. "त्यांनी नळी लावलीच नाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, तपासा तरी. तर म्हणाले, लिहितो ना." मी तिचा कागद बघितला. श्वसनाचा त्रास. सहा महिने श्रमाचे खेळ टाळावेत. अक्षर तेच, शिक्का तोच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट एक काम पटकन झालं म्हणून मी खूष होते.

डिसेंबरातला शुक्रवार होता. नाशिकची थंडी दुपारीही हाडात असते, तशी होती. पी.टी.च्या तासाला सरांनी आम्हा झाडाखालच्या चौदाजणींना मैदानाच्या मधोमध रांगेत उभं केलं. बाकीचा वर्ग कडेला बसवला. सरांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. नंतर कळलं की त्याच सकाळी मुख्याध्यापिकांनी त्यांना विचारलं होतं, दहावीच्या एका वर्गात चौदा आजारी कशा, आणि तुम्ही काय बघता?

सरांनी एकेक कागद काढून वाचायला सुरुवात केली. पहिला वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याला कडेच्या मुलींनी पुढचे शब्द त्यांच्याबरोबरच म्हटले आणि हशा पिकला. सर हसले नाहीत.

"चौदा जणींना एकच आजार," ते म्हणाले. "साथच आली म्हणायची."

मग ते रांगेसमोरून एकदा चालत गेले, पाय किंचित ओढत. त्यांचा आवाज खाली आला आणि गावची भाषा वर आली. "पंधरा वर्सं मी दारातून परत गेलो. कुनाला काय बोललो नाय. आता कुठं ग्राउंड मिळालं, तर तुमी असं करता. मला येडा समजता व्हय?" त्यांनी गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "बरं. यात खरं आजारी कोन असंल तर मी तिला पळवनार नाय. ज्यांचं खरं हाय, त्यांनी हात वर करा."

माझ्या शेजारी उभ्या मैत्रिणीनं लगेच हात वर केला. तिचाच तेवढा वर गेला. ते चित्र फार तर तीन सेकंद होतं: तेराजणी खाली बघतायत आणि एकीचा हात वर आहे. सरांनी तिच्याकडे बघितलं. मला आजही खात्री आहे, अजून थोडा वेळ ते तसंच राहिलं असतं तर सगळं त्यांच्या ध्यानात आलं असतं.

मग मी हात वर केला.

का केला? न केला असता तर माझी चिठ्ठी खोटी ठरली असती, आई खोटी ठरली असती, सकाळचा क्लास गेला असता, आणि सगळ्या वर्गासमोर मला पळावं लागलं असतं. हे सगळं मी तेव्हा क्रमानं विचारात घेतलं असं नाही. मी फक्त घाबरले आणि हात वर गेला. माझा गेल्यावर पलीकडचीचा गेला, मग तिच्या पलीकडचीचा. बघता बघता चौदाच्या चौदा हात वर होते. कडेच्या मुली पुन्हा हसल्या.

सरांनी कागदांचा गठ्ठा दुमडून खिशात कोंबला. "मग पळा सगळ्या," ते म्हणाले. "ग्राउंडला दोन फेऱ्या."

ती म्हणाली, "सर, माझं खरंच—" पण तेच वाक्य आणखी पाचजणी म्हणत होत्या आणि सरांनी शिट्टी वाजवली.

मी तिच्या मागेच होते. मी हळू पळत होते म्हणून नव्हे, तीही हळू पळत होती. पहिली फेरी तिनं कशीबशी काढली. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टाकीपाशी ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठांचा रंग गेला. तिनं माझ्याकडे बघून बोटांनी दप्तराची खूण केली. पी.टी.च्या ड्रेसला खिसा नव्हता. पंप वर वर्गात होता.

मी पळाले. आयुष्यात तशी मी आधी कधी पळाले नव्हते आणि नंतरही नाही. तीन मजले चढले, कप्पा उघडला, पंप घेतला, खाली आले. मध्ये एकदा जिन्यात पडले, गुडघा फुटला. सर तिला टाकीला टेकवून बसवून तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "श्वास घे बाळा, श्वास घे." पंप दिला तरी पुरेसा उतार पडला नाही. शेवटी रिक्षातून सरांनीच तिला दवाखान्यात नेलं. मी टाकीशेजारी बसून धापा टाकत होते, इतक्या की एक बाई माझ्याही तोंडाला पाणी लावायला आल्या.

ती वाचली. आठवडाभर दवाखान्यात होती, ऑक्सिजनवर दोन दिवस.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकांनी माझं कौतुक केलं. प्रसंगावधान राखून मैत्रिणीचा जीव वाचवला, म्हणून टाळ्या वाजल्या, आणि पुढे स्नेहसंमेलनात त्याचंही एक प्रमाणपत्र मिळालं. त्या वर्षात मला मिळालेलं हे दुसरं प्रमाणपत्र. आईनं ते फाइलमध्ये लावून ठेवलं.

चौकशीही झाली. मला आणि आईला मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बसवलं होतं, आत मैत्रिणीचे वडील होते. दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी टेबलावर इगतपुरीपासूनच्या कागदांची जाड फाइल ठेवली. "हे आधी का नाही आणलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. ते म्हणाले, "आमचंच चुकलं, मॅडम. सोपं वाटलं ते केलं." कुणी सांगितलं म्हणून केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर येताना त्यांनी मला हात जोडले, माझ्या मुलीसाठी धावलीस म्हणाले. मी पंधरा वर्षांची होते आणि एक मोठा माणूस मला हात जोडत होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग आम्ही आत गेलो. सर एका बाजूला उभे होते, खुर्ची असूनही. मुख्याध्यापिकांनी माझी चिठ्ठी समोर ठेवली. "बाकीच्या बारा मुलींच्या पालकांनी कबूल केलंय की चिठ्ठ्या नावापुरत्या होत्या. तुमच्या मुलीचं काय? खरा त्रास आहे?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "हो," ती म्हणाली. "लहानपणापासून."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. आत्ता बोलायचं, असं मला वाटलं. मी मान हलवली, जशी पहिल्या दिवशी सरांसमोर हलवली होती तशीच.

"म्हणजे सर, तुम्ही दोन आजारी मुलींना पळवलंत," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सर म्हणाले, "हो मॅडम. माझ्या ध्यानात आलं नाही." एवढंच.

घरी आल्यावर दारात चपला काढताना आई म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे. झालं ते झालं." पुढे या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

सरांकडून मैदान काढून घेतलं. त्यांना ऑफिसात दाखले लिहायच्या कामाला बसवलं, वर्ष संपेपर्यंत, आणि जूनमध्ये प्राथमिकच्या इमारतीत पाठवलं. सक्तीचा खेळ आपोआपच बंद पडला. मंगळवारी आणि शुक्रवारी गणिताच्या बाई यायला लागल्या, आता कुणाला विचारायचीही गरज नव्हती. फक्कीच्या रेघा काही दिवस मैदानावर होत्या, मग दिसेनाशा झाल्या.

मैत्रीण जानेवारीत शाळेत आली आणि माझ्याच शेजारी बसली. चार दिवस नेहमीसारखे गेले. पाचव्या दिवशी पाण्याची बाटली भरून येताना ती म्हणाली, "तूपण हात वर केला होता ना?"

"हो."

"मला वाटलं, तू तरी नाय करणार."

ती चिडून म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. ती फक्त सांगत होती. मार्चनंतर तिच्या वडिलांची बदली झाली, पुन्हा इगतपुरीलाच, आणि आमची गाठ पडली नाही.

दहा-अकरा वर्षांनी, माझं लग्न होऊन मी पुण्याला गेले होते त्यानंतर, नाशिक रोडच्या एका मंगल कार्यालयात नात्यातल्या लग्नाला आले होते. पंगतीत बसले आणि शेजारच्या पानावर सर. केस पांढरे झाले होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली म्हणाले. मी ओळख द्यायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं.

"तू ती पंप आणनारी," ते म्हणाले. "कशी विसरंन?"

मी पानाकडे बघत राहिले. शेजारी कुणी मठ्ठा वाढत होतं. सर थोडं माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात, फार दिवस ठरवून ठेवल्यासारखं बोलले. "एक सांगायचं राहून गेलं होतं. तिच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली, इगतपुरीपर्यंत गेलो. तुझ्याकडं यायचं धाडस झालं नाय. तुझं बी खरं होतं, आन मी तुला पळवलं. त्यात तू तीन मजले चढलीस. तुला कायतरी झालं असतं म्हंजे? ते अजून मनातून जात नाय बघ."

एका वाक्याचं काम होतं. सर, माझं खोटं होतं. सगळा गलका चालला होता, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आई पलीकडच्या पंगतीत होती. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं मी तिथल्या तिथे उतरवू शकत होते. सर माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आता कसं हाय? त्रास होतो का अजून?" त्यांनी विचारलं.

"आता बरं आहे, सर," मी म्हटलं.

"मग झालं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढायला सांगितली, आणि मी ती खाल्ली.